मंडपेश्वराचा मठ

आमच्या भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी हे जुने गाव आहे. तेथील जगन्नाथाच्या टेकडीवर पिढ्यान्‌पिढ्या माणसे देवाला जात. सन १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व खाते यांनी तेथे कुदळ लावली, आणि देवाच्या पायाखाली निघाला बौद्धांचा प्रचंड स्तूप! जागा एकदा पवित्र ठरली की ती सहसा ओस पडत नाही. तिचा धनी तेवढा बदलतो.

पवनीत हा पालट हळूहळू, काळाच्या ओघात झाला असावा. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईजवळच्या बोरिवलीस, तो राजसत्तेच्या बळावर झाला. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

दहिसर नदीच्या परिसरात, एका बुटक्या टेकडीच्या पोटात मंडपेश्वराचे लेणे आहे. जोगेश्वरी, घारापुरी यांच्याच कुळातले, सुमारे सहाव्या शतकातले हे शैव लेणे. खांबांचा मंडप, आत गाभारा, बाजूच्या दालनात भिंतीवर नाचणारा शिव आणि तो नाच बघायला जमलेले देवगण. सन १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई व साष्टी पोर्तुगिजांच्या हवाली केली आणि महादेवाचे दिवस फिरले.

पोर्तुगिजांच्या पाठोपाठ फ्रान्सिस्कन पंथाचे साधू आले. त्यांतला आंतोनियो दो पोर्तो हा मोठा खटपट्या. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्याने या लेण्यातच चर्च केले आणि टेकडीवर मठ व विद्यालय उभारले. नव्याने बाटलेल्यांची मुले तेथे शिकत. आता मठ चालायचा कशावर? पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याने देवळाच्या जमिनींचे उत्पन्नच त्या विद्यालयाला लावून दिले. मूर्ती फोडली हे आपल्याला चटकन दिसते, पण खरा घाव बसला तो इथे. दिवाबत्तीचे वतन गेले की देव आपोआप उपाशी राहतो. खेड्यात वाढलेल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको.

लेण्यातल्या काही शिल्पांची मोडतोड झाली. एका शिल्पपटावर तर भलामोठा क्रूस कोरला, तो आजही स्पष्ट दिसतो. काही शिल्पांपुढे मात्र चुन्याची भिंत घातली गेली. बहुधा प्रार्थनेला बसलेल्यांच्या नजरेस ती पडू नयेत म्हणून. नटराज त्या भिंतीआड पडदानशीन झाला, आणि गंमत अशी, की ऊन, वारा आणि हातोडा यांपासून त्याच भिंतीने त्याला राखले!

पुढे मराठे आले. १७३७ साली ठाणे पडले, मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. टेकडीवरचा मठ उजाड झाला, लेण्यात पुन्हा शंकराची पूजा सुरू झाली. त्या मोहिमेत चर्चच्या घंटा मराठ्यांनी उतरवून आणल्या. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात अशा घंटा आहेत. उसनवारी दोन्हीकडून झाली म्हणायची. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांनी घेतली, आणि त्यांच्या अमदानीत हे लेणे पुनश्च ख्रिस्ती उपासनेकडे गेले.

या सर्व उलथापालथीत आसपासच्या गावांतला माणूस कोठे होता? तो तेथेच होता. भात लावीत होता, मासे धरीत होता, मराठी बोलत होता. येथील ख्रिस्ती लोक १८८७ पासून स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवितात, परंतु त्यांची घरातली बोली मराठीच. फ्रान्सिस्कनांनाही हे उमगले होते. त्यांच्यापैकीच फ्रान्सिस्को वाझ द गिमराइस याने ख्रिस्ताच्या मरणाचे काव्यमय पुराण या भागातल्या मराठीत रचले, आणि १६५९ साली ते लिस्बन शहरी छापले गेले. देवळाचे उत्पन्न नेता आले. भाषा मात्र नेता आली नाही, तिच्यासमोर त्यांनाच बसावे लागले.

आज लेणे पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. गाभाऱ्यात पिंडीची पूजा होते, महाशिवरात्रीला गर्दी लोटते. वर टेकडीवर मठाच्या बिनछपराच्या भिंती उभ्या आहेत. शेजारच्या वस्तीला तेथल्या चर्चच्या नावावरून ‘आय. सी. कॉलनी’ म्हणतात. पायथ्याशी मुले क्रिकेट खेळतात. चेंडू आत गेला की एकजण धावत मंडपात शिरतो, क्रूसापुढून जातो आणि नंदीच्या वाटेने परत येतो.