दाढेतली चांदी विमा का देत नाही?

पनवेलमध्ये आज असे कुटुंब सहज सापडेल, की ज्याच्याकडे पाच लाखांचा आरोग्य विमा आहे आणि तरीही दाढेतली कीड काढून भरणी करून घेतल्यावर दंतवैद्याची फी खिशातूनच गेली आहे. अपघातात जबडा मोडून रुग्णालयात राहावे लागले तर विमा कंपनी मोठी रक्कम देते. दाढेतल्या लहानशा खड्ड्यासाठी मात्र सहसा काहीच देत नाही. हा निव्वळ कंजूषपणा आहे, की यामागे काही हिशेब आहे? हे समजून घ्यायचे तर दाताचा आणि विम्याचा, दोघांचाही इतिहास थोडा चाळावा लागतो.

आधी दात. तोंडातले जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या एनॅमलमधील क्षार विरघळवते. एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात. त्यामुळे हाड सांधते तसा एकदा पडलेला खड्डा आपोआप भरून येत नाही. आणि गंमत अशी, की कीड आतल्या थरांपर्यंत पोचेतो बहुधा दुखतही नाही. दुखू लागते तेव्हा साध्या भरणीची वेळ पुष्कळदा टळून गेलेली असते. मग रूट कॅनाल, वर टोपी, नाहीतर दाढ उपटणे. खर्च आणि त्रास दोन्ही वाढतात.

पाश्चात्त्य देशांत एकेकाळी दात भरून घेणे ही श्रीमंतांची गोष्ट होती, कारण भरायचे ते सोने. १८३३ मध्ये क्रॉकोर बंधूंनी न्यूयॉर्कमध्ये चांदी आणि पाऱ्याचा स्वस्त लगदा आणला. त्यावरून दंतवैद्यांत इतके वाद पेटले, की १८४५ मध्ये तेथील संघटनेने सदस्यांकडून हा लगदा न वापरण्याची प्रतिज्ञा घेतली. संघटना १८५६ मध्ये मोडली, लगदा मात्र टिकला. आपण जिला ‘चांदी’ म्हणतो तिच्यात निम्म्याच्या आसपास पाराच असतो. पाऱ्यावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, आणि युरोपीय संघात जानेवारी २०२५ पासून, अपवाद वगळता, ही भरणी बंद झाली. तिची जागा घेणारे पांढरे कॉम्पोझिट दात कोरडा राखून, थराथराने, प्रकाशाने घट्ट करत भरावे लागते. त्यात वेळ जातो, आणि वेळेचे पैसे पडतात.

आता विमा. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ती सुरू झाली. ठरावीक पगारापर्यंतच्या कामगारांच्या वेतनातून सक्तीने वर्गणी कापायची, मालकानेही भर घालायची आणि त्या बदल्यात उपचारच द्यायचे, अशी ही रचना. दवाखान्यात येऊन-जाऊन घ्यायचे उपचारही तिच्यात होते. पण बाजारपेठेतला दुकानदार, शेतकरी, रिक्षावाला तिच्या बाहेर राहिला.

बाकीच्यांसाठी १९८६ मध्ये चार सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ काढली. तिची मुख्य अट होती रुग्णालयात किमान २४ तास दाखल असण्याची. दंतवैद्याकडे खाट नसते, खुर्ची असते. त्या एका अटीने भरणी विम्याबाहेर गेली, आणि पुढे आलेल्या बहुतेक पॉलिसींनी तोच साचा उचलला. मोतीबिंदूसारख्या काही शस्त्रक्रियांना नंतर २४ तासांतून सूट मिळाली. भरणीला मिळाली नाही.

फळ्यावर करता येईल असा एक हिशेब पाहू. आकडे कल्पित आहेत. १००० माणसांच्या गटात वर्षाला ५ जणांना प्रत्येकी २ लाखांची शस्त्रक्रिया लागली, तर खर्च १० लाख. माणशी १००० रुपये. प्रत्येक दावा तपासायला ३०० रुपये लागले, तर माणशी दीड रुपया वाढला. आता त्याच गटात ४०० जणांनी १००० रुपयांची भरणी केली असे धरा. खर्च ४ लाख, म्हणजे माणशी ४०० रुपये. पण ४०० दावे तपासण्याचे माणशी १२० रुपये वर! नुकसान मोठे आणि विरळा असेल तेव्हा विमा शोभतो. लहान आणि नेहमीचे असेल तेव्हा महाग पडतो. शिवाय ज्याच्या दाढेत आधीच खड्डा आहे तोच अशी पॉलिसी आधी घ्यायला येणार.

यातून वाट निघते ती सगळ्यांना एकत्र घेतल्यावर. १९५४ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांच्या संघटनेने कामगारांच्या मुलांच्या दातांसाठी योजना मागितली, आणि तीन राज्यांतील दंतवैद्यांच्या संघटनांनी ती उभी केली. दात किडलेली आणि न किडलेली, सगळीच मुले तिच्यात आली. ब्रिटनमध्ये तर १९४८ पासून दंतोपचार मोफतच होते. पण वर्षानुवर्षे तुंबलेली गरज एकदम बाहेर आली. १९५१ मध्ये कवळ्यांना आणि १९५२ मध्ये उपचारांना शुल्क लागले.

आपल्या रायगड जिल्ह्याचा अनुभवही पाहण्याजोगा आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. तेव्हा तिच्यात कुटुंबाला वर्षाला दीड लाखांपर्यंतचे, ९७१ प्रकारचे उपचार होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया तिच्यात बसते. साधी भरणी नाही. विमा नियामकाच्या व्याख्येत ‘दंतोपचार’ या शब्दाखाली भरणीचा उल्लेख आहे खरा, पण व्याख्येत असणे वेगळे आणि पैसे मिळणे वेगळे. बाह्यरुग्ण खर्चाचे कलम पॉलिसीत स्वतंत्रपणे घेतले असेल तरच काही हाती लागते.

पनवेलकरांना भरणी स्वस्तात मिळते ती विम्यामुळे नव्हे, शिक्षणामुळे. कामोठे आणि खारघर येथे दंत महाविद्यालये आहेत. विद्यार्थ्याला शिकायला खरा रुग्ण हवा असतो, म्हणून तेथे शुल्क कमी. वेळ मात्र जास्त जातो. रोजंदारीवरच्या माणसाला दोन-तीन खेपा परवडत नाहीत, हेही खर्चात धरले पाहिजे.

शाळांपुरते बोलायचे तर २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांचे दात तपासले जातात. पथक चिठ्ठी देते, मुलाला नेणे पालकांवर. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ पुष्कळ पालकांना दुधाचीच वाटते, आणि ‘पडेल आपोआप’ म्हणून तिची कीड तशीच राहते. पहिली-दुसरीच्या शिक्षकांना ती ओळखता येईल. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, कोणताही दात न पडता, ती उगवलेली असते.