३२ विरुद्ध १५

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रास्ताविकात मूलभूत मानवी हक्कांवरील श्रद्धेचा उच्चार आहे. १९४५ साली तो तेथे आणण्यात दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान यान स्मट्स यांचा मोठा वाटा होता. पुढल्याच वर्षी जूनमध्ये त्यांच्या सरकारने नाताळ व ट्रान्सवाल प्रांतांतील भारतीयांच्या जमीनखरेदीवर आणि वास्तव्यावर बंधने घालणारा कायदा केला. डरबनमध्ये सत्याग्रह सुरू झाला. भारताने व्यापार तोडला आणि संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली. तक्रारदार देश तेव्हा स्वतःच परतंत्र होता!

स्मट्स यांची भिस्त सनदेच्या दुसऱ्या अनुच्छेदातील सातव्या पोटकलमावर होती. राष्ट्राच्या अंतर्गत बाबींत संयुक्त राष्ट्रांनी हस्तक्षेप करू नये, असे ते सांगते. हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवावा, अशी त्यांची मागणी होती. भारतीय शिष्टमंडळाच्या नेत्या विजयालक्ष्मी पंडित होत्या. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छागला त्यांच्यासोबत होते. भारताने केवळ नीतीची भाषा केली नाही. १९२७ चा केपटाऊन करार दोन सरकारांमधला होता, तेव्हा त्याचा भंग ही घरगुती बाब कशी, असा त्याचा सवाल होता. माझ्या मते या लढ्यातले खरे मुत्सद्दीपण येथे आहे. हक्कांचा प्रश्न कराराच्या खांद्यावर बसून सभागृहात शिरला.

८ डिसेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्क येथे आमसभेत मतदान झाले. दोन तृतीयांश बहुमत आवश्यक ठरले होते. ठरावाच्या बाजूने ३२, विरुद्ध १५, तटस्थ ७. ब्रिटन व अमेरिका विरोधात होते. बाजूचे एक जरी मत उलटले असते, तरी ठराव पडला असता.

मतदानानंतर आपण स्मट्स यांना भेटलो, असे पंडित यांनी ‘द स्कोप ऑफ हॅपिनेस’ या आत्मचरित्रात लिहिले आहे. हा विजय पोकळ आहे, त्यापायी माझी सत्ता जाईल, पण तुमच्या हाती काही लागणार नाही, अशा आशयाचे ते बोलले. १९४८ मध्ये त्यांची सत्ता गेली. जे आले त्यांनी वर्णभेदालाच राज्याचे धोरण केले. भारतीयांची स्थिती सुधारली नाही. प्रश्न मात्र आमसभेच्या विषयपत्रिकेवर पुन्हा पुन्हा येत राहिला.

संयुक्त राष्ट्रांची ही वाट त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनीही हेरली होती. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी तेथे अर्ज केल्याचे वाचून त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द बॉईस यांना पत्र लिहिले, अर्जाच्या प्रती मागवल्या आणि भारतातील अस्पृश्यही तसाच विचार करीत असल्याचे कळवले. द बॉईस यांनी जुलैअखेर सहानुभूतीचे उत्तर पाठवले. पण डरबनच्या भारतीयांमागे दुसरे सरकार उभे होते, हाताशी केपटाऊन करार होता. अस्पृश्यांकडे यांपैकी काहीच नव्हते. त्यांचा अर्ज गेला असता, तर त्याची पहिली गाठ सातव्या पोटकलमाशीच पडली असती.