कबरीवरचा सब्जा

शबे-बरातच्या संध्याकाळी कब्रस्तानाच्या फाटकाशी गुलाबाच्या पाकळ्यांबरोबर सब्जाच्या जुड्याही विकायला असतात. गुलाब दोन दिवसांत वाळतो. सब्जा मात्र पुष्कळजण कबरीच्या मातीत लावूनच टाकतात. पावसाळा सरता सरता त्याच्या मंजिऱ्या बारीक पांढऱ्या फुलांनी भरतात. मराठी मुसलमानाच्या नाकात मयताचा जो वास बसलेला असतो, त्यात कापूर, अत्तर, ओली माती आणि सब्जा एवढं सगळं असतं.

सब्जा हे नाव फारसी, 'सब्ज' म्हणजे हिरवा. अरबीत तो रैहान. तसा रैहान हा शब्द कुठल्याही सुवासिक वनस्पतीला चालतो, पण बऱ्याच अरब मुलखांत आज रैहान म्हटलं की सब्जाच समोर येतो. कुरआनात हा शब्द दोनदा आलाय. सूरह रहमानमध्ये धान्यासोबत, अल्लाहच्या देणग्या मोजताना. आणि सूरह वाकिआमध्ये, अल्लाहच्या जवळच्या बंद्यांना मरणानंतर काय मिळेल ते सांगताना. एक उल्लेख जगण्यातला, दुसरा मरणानंतरचा. हसन आणि हुसैन या नातवांना पैगंबर (स.) या दुनियेतले आपले दोन रैहान म्हणत, असं बुखारीत आहे. आपल्या घराघरांतल्या रेहान आणि रेहाना यांच्या नावांमागे हा एवढा मोठा इतिहास आहे.

आता वादाकडे येतो. चार-पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे एका तरुणाने आजोबांच्या कबरीवरचा सब्जा उपटला. ही बिदअत आहे, हे हिंदूंच्या तुळशीवरून उचललंय, असं त्याचं म्हणणं. त्याची खाला तिथेच रडायला लागली. मग आठवडाभर मोहल्ल्यात तेवढाच विषय. दोन्ही बाजूंचा आवाज चढलेला, पुस्तक मात्र कुणी उघडलं नाही.

पुस्तकात काय आहे? पैगंबर (स.) दोन कबरींजवळून जात होते. आतल्या दोघांना अजाब होतोय, असं त्यांनी सांगितलं. खजुराची एक ओली फांदी मागवली, ती चिरून एकेक तुकडा दोन्ही कबरींवर रोवला आणि म्हणाले, या वाळेपर्यंत कदाचित यांचा त्रास हलका होईल. ही हदीस बुखारीने कबरीवरच्या खजूर-फांदीच्या प्रकरणात दिली आहे, आणि मला खरी मौज त्या प्रकरणाच्या मांडणीत वाटते. सुरुवातीलाच बुरैदा अस्लमी या सहाबींचं वसीयत येतं: माझ्या कबरीत दोन फांद्या ठेवा. त्याला लागूनच इब्न उमर यांची गोष्ट. एका कबरीवर तंबू उभारलेला पाहून ते म्हणाले, हा काढा, त्याला सावली त्याच्या अमलांची. फांदी आणि तंबू अशा शेजारी शेजारी ठेवून बुखारी पुढे जातात.

तिथून हजार वर्षांचा वाद सुरू होतो. दहाव्या शतकातले खत्ताबी म्हणतात, तो असर पैगंबरांच्या दुआचा होता, लोकांनी फांद्या रोवत बसू नये. पंधराव्या शतकात इब्न हजर त्यांना बुरैदांचं वसीयत दाखवतात: सहाबींनीच अनुकरण केलंय की! एकोणिसाव्या शतकात दमिश्कचे हनफी फकीह इब्न आबिदीन त्याहून पुढे जातात. ओली वनस्पती अल्लाहची तस्बीह करते, म्हणून कबरीवरचं हिरवं तोडणं मकरूह, असं ते लिहितात. त्यांच्या मुलखात आस नावाच्या झुडपाच्या फांद्या ठेवायची रीत होती, तीही ते याच हदीसशी जोडतात. आसची फुलंही पांढरीच.

म्हणजे आपल्या सब्जाचा मूळपुरुष तुळशीवृंदावनात शोधायची गरज नाही. कुणाला खत्ताबींचं मत पटत असेल तर त्याने आपल्या माणसाच्या कबरीवर सब्जा लावू नये. दुसऱ्याने लावलेला उपटायला मात्र आधार लागतो, आणि हनफी म्हणवणाऱ्याला इब्न आबिदीन तो देत नाहीत.

तुळशीचं नातं मात्र खरंच आहे, फक्त ते रोपांमधलं आहे. तुळस आणि सब्जा एकाच कुळीच्या बहिणी. 1753 साली लिनियसने दोघींना ऑसिमम या एकाच प्रजातीत बसवलं. हिंदू घरात मरणाऱ्याच्या तोंडात तुळशीपत्र, आपल्याकडे मातीवर सब्जा. सब्जाच्या शास्त्रीय नावातलं 'बॅसिलिकम' ग्रीक आहे, अर्थ राजेशाही. जुन्या फारसीतही याला शाहअस्परम म्हणत, त्यातला 'शाह' तुम्ही ओळखलाच असेल. एकाच झाडाची नावं भाषेगणिक गोळा करण्याचं हे वेड ज्याने म्हातारपणी पुरं केलं, तो हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिणारा अल-बिरूनी. सैदना या त्याच्या औषधी ग्रंथात एकेका वनस्पतीची कितीतरी भाषांतली नावं आहेत. आणि त्याची कुन्यत काय, तर अबू रैहान!

रमजानात फालुद्यावर तरंगतं ते याच झाडाचं बी. तुख्म म्हणजे बी, तुख्म-ए-रैहानचं दुकानदारांच्या तोंडी तुकमरिया झालं. पाण्यात टाकलं की दहा-पंधरा मिनिटांत त्याच्याभोवती बुळबुळीत पारदर्शक कवच चढतं. आमच्या दादी ते कब्रस्तानातल्या रोपांचं कधी आणू देत नसत, बाजारातूनच आणवत. का, ते त्यांनी सांगितलं नाही.