ऑक्सिटोसिनची गोळी का नसते?
रुग्णालय डहाणूचे उपजिल्हा असो वा तलासरीचे ग्रामीण, बाळ जन्मताच आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. हे पेप्टाइड संप्रेरक, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी: ऑक्सिटोसिनमध्ये 9, इन्सुलिनमध्ये 51. (वाढीच्या संप्रेरकात तर 191, त्याला प्रथिनच म्हणतात.)

स्टेरॉइड संप्रेरके पेशीत थेट शिरतात. पेप्टाइडला पेशीचा स्निग्ध पडदा ओलांडता येत नाही. ते बाहेरच्या ग्राहीला चिकटते. मग आत कॅल्शियम वाढते, गर्भाशय आवळते, रक्तस्राव आवरतो. सारे काही मिनिटांत.

गोळी दिली तर ती पोटात डाळीतल्या प्रथिनासारखी पचून जाईल. शिवाय उष्णतेने औषधाचा गुण उतरतो, म्हणून ते 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. दूरच्या पाड्यावर खरी अडचण हीच. उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन आता आहे, तेही इंजेक्शनच.