गोल्फ क्लबचे सभासदत्व : हिरवळीआधी कागद पाहा

गोल्फ क्लबचे सभासदत्व घेणाऱ्याच्या हाती शेवटी काय पडते? एक पावती, एक ओळखपत्र आणि नियमावलीची छोटी पुस्तिका. त्यापोटी मोजावी लागणारी रक्कम मात्र अनेकदा एखाद्या मोटारीच्या किमतीइतकी, तर क्वचित त्याहूनही मोठी असते. सदनिका घेताना मालकी हक्क, मंजूर नकाशे आणि कर्जाचा बोजा बारकाईने तपासणारा चोखंदळ माणूस क्लबच्या बाबतीत मात्र हिरवळ, उपाहारगृह आणि सभासदांच्या यादीतील बडी नावे पाहून सही करून मोकळा होतो.

वस्तुतः या व्यवहारात तीनच गोष्टी विकत घेतल्या जातात : मैदान जितका काळ राहील तितका काळ त्यावर जाण्याची मुभा, सोयीच्या वेळी खेळण्याची संधी आणि क्लब सोडताना काही परत मिळण्याचा हक्क. कोणत्या क्लबचे सभासदत्व घेण्याजोगे आहे, याचे उत्तर या तीन गोष्टींतच दडलेले आहे. बाकी सारे शोभेचे.

क्लब कोणाचा?

ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब भारतात आहे. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ मध्ये स्थापन झाला. मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा, तर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब त्याच्याही काही वर्षे आधीचा. पुण्यात येरवड्याचे मैदान जुन्या खेळाडूंच्या परिचयाचे आहे. अशा जुन्या संस्था बहुधा ‘सभासदांचे क्लब’ असतात. नोंदणीकृत सोसायटी किंवा नफा वाटून न घेणारी कंपनी, अशी त्यांची कायदेशीर चौकट असते. कारभार निवडून आलेली समिती पाहते, सभासदाला मताचा अधिकार असतो आणि शिल्लक रक्कम क्लबच्याच कामी येते. मात्र सभासद म्हणजे मालमत्तेचा वाटेकरी नव्हे. क्लबची जमीन कितीही मोलाची असली तरी तिचा तुकडा सभासदाच्या नावावर होत नाही.

दुसरा प्रकार विकासकाच्या क्लबचा. शहराबाहेरील मोठ्या गृहसंकुलांभोवती गेल्या काही दशकांत अशी मैदाने उभी राहिली. येथे सभासदत्व म्हणजे केवळ वापराचा करार. शुल्क किती वाढवायचे, सभासद किती घ्यायचे, मैदान दुसऱ्याला विकायचे की नाही, हे मालक कंपनी ठरवते. सेवा अनेकदा जुन्या क्लबांपेक्षा सरस असते, हे मान्य करावे लागेल. परंतु कंपनी अडचणीत आली तर सभासद घेणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो, तोही बहुधा शेवटून. घराबरोबर क्लब देऊ करणाऱ्या प्रकल्पांत तो रहिवाशांची सामाईक सुविधा आहे की विकासकाची खासगी मालमत्ता, हे करारातून स्पष्ट करून घ्यावे. प्रकल्पाची नोंद आणि मंजूर नकाशे महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतात.

तिसरा पर्याय सार्वजनिक मैदानांचा. दिल्ली विकास प्राधिकरणाचे कुतुब गोल्फ कोर्स २००० मध्ये सुरू झाले आणि पैसे भरून कोणालाही खेळता येईल अशा मैदानांचा पायंडा देशात पडला. नवी मुंबईत सिडकोने खारघरच्या डोंगरांच्या कुशीत उभारलेले खारघर व्हॅली गोल्फ कोर्स याच वाटेवरचे. सभासदत्वाचा विचार करणाऱ्याने आधी या पर्यायाशी तुलना करावी, कारण कोणत्याही सभासदत्वाची खरी किंमत त्यावरूनच कळते.

जमिनीची मुदत

अठरा होलच्या पूर्ण मैदानाला शंभर एकरांहून अधिक जागा सहज लागते. वाढत्या शहरात एवढी मोकळी जमीन सदैव कोणाच्या तरी डोळ्यांवर असते. आपल्याकडील अनेक जुने क्लब सरकारी, लष्करी किंवा भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभे आहेत. भाडेपट्टा किती वर्षांचा, किती उरला आणि नूतनीकरणाचा अधिकार कोणाकडे, हा सभासदत्वाच्या अर्जापूर्वी विचारण्याचा पहिला प्रश्न होय.

त्याचे गांभीर्य सिंगापूरने दाखवून दिले. तेथे बहुतेक गोल्फ क्लब सरकारी भाडेपट्ट्यावर असून अनेक सभासदत्वे खुल्या बाजारात विकता येतात. क्वालालंपूरपर्यंतच्या नियोजित अतिजलद रेल्वेसाठी सरकारने २०१५ मध्ये जुरोंग कंट्री क्लबची आणि जानेवारी २०१७ मध्ये रॅफल्स कंट्री क्लबची जमीन घेण्याचे जाहीर केले. रॅफल्स क्लबला ३१ जुलै २०१८ पर्यंत जागा रिकामी करावी लागली. पुढे १ जानेवारी २०२१ रोजी तो रेल्वे प्रकल्पच रद्द झाल्याचे दोन्ही देशांनी जाहीर केले. रेल्वे आली नाही, पण मैदानेही परत आली नाहीत. अशा वेळी मिळणारी भरपाई जमिनीच्या उरलेल्या मुदतीवर बेतलेली असते, हेही लक्षात ठेवावे लागते. भाडेपट्ट्याची दहाच वर्षे उरलेल्या क्लबचे आजीव सभासदत्व हे आजीव नसून दहा वर्षांचे असते, एवढा साधा हिशेब त्यातून शिकता येतो.

रविवारची सकाळ

दुसरा प्रश्न संधीचा, आणि तो निव्वळ अंकगणिताचा आहे. गोल्फमध्ये साधारणतः चार जणांचा गट एकत्र खेळतो आणि दोन गटांत आठ ते दहा मिनिटांचे अंतर ठेवले जाते. दहा मिनिटांचे अंतर धरले, तर तासाला सहा गट, म्हणजे २४ खेळाडू. सकाळी सहा ते दहा या चार तासांत पहिल्या टीवरून ९६ जणांना सुरुवात करता येते. दहाव्या होलवरूनही सुरुवात करू दिली, तर ही संख्या काही प्रमाणात वाढते. पण मैदानाला मर्यादा असतेच.

आता एखाद्या क्लबात खेळणारे सभासद बाराशे असतील आणि त्यांतील निम्म्यांना रविवारीच सकाळी खेळायचे असेल, तर प्रत्येकाची पाळी सहा रविवारांतून एकदा येईल. म्हणूनच एकूण सभासदसंख्येपेक्षा प्रत्यक्ष खेळणारे किती, संख्येवर कमाल मर्यादा आहे का आणि ती नियमावलीत लिहिलेली आहे का, हे महत्त्वाचे ठरते. तोंडी आश्वासनाला येथे काहीच मोल नाही. जपानमध्ये तेजीच्या काळात इबाराकी कंट्री क्लबने काही हजारांची मर्यादा जाहीर करून प्रत्यक्षात ५० हजारांहून अधिक सभासदत्वे विकल्याचे १९९० च्या दशकाच्या प्रारंभी उघडकीस आले होते. आजही मर्यादेचा आकडा विचारल्यावर विक्री प्रतिनिधी विषय बदलू लागला, तर इच्छुकाने सावध व्हावे.

संधीचा दुसरा शत्रू अंतर. १८ होलच्या एका फेरीला चार ते साडेचार तास लागतात. त्यात जाण्यायेण्याचे तीन तास मिळवले की रविवार संपला. पहिल्या वर्षीचा उत्साह घाटरस्त्याचे अंतर विसरायला लावतो, तिसऱ्या वर्षी तेच अंतर डोंगराएवढे वाटू लागते. कोकणपट्टी आणि मावळात पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात मैदान किती दिवस बंद असते आणि उन्हाळ्यात हिरवळीला पाणी कोठून येते, या दोन प्रश्नांची उत्तरे कार्यालयापेक्षा कॅडी आणि माळी अधिक खरी देतात.

‘परतावायोग्य’ या शब्दाचा अर्थ

सभासदत्वाच्या रकमेचे सहसा दोन भाग असतात : परत न मिळणारे प्रवेशशुल्क आणि परत मिळणारी बिनव्याजी ठेव. विक्रीच्या वेळी ठेवीवर भर दिला जातो, कारण ‘पैसे कुठे जाणार नाहीत’ हे वाक्य ऐकायला गोड लागते. प्रत्यक्षात महागाईचा दर सहा टक्के धरला, तर आज ठेवलेल्या दहा लाख रुपयांची क्रयशक्ती वीस वर्षांनी आजच्या सुमारे ३ लाख १० हजारांइतकीच उरते. ठेव परत मिळते; तिचे मोल मात्र मिळत नाही.

शिवाय ठेव परत करण्यासाठी क्लबकडे पैसा हवा. याबाबतीत जपानचा अनुभव साऱ्या जगाने अभ्यासण्यासारखा आहे. तेथे मैदाने मुख्यतः सभासदांच्या ठेवींतून बांधली गेली. ठेव साधारणतः दहा वर्षांनी परत मागता येई. १९८० च्या दशकात सभासदत्वांची शेअरप्रमाणे खरेदी-विक्री होऊ लागली, त्यांच्या भावांचा स्वतंत्र निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला आणि टोकियोजवळच्या कोगानेई कंट्री क्लबच्या सभासदत्वाचा भाव सुमारे ४० कोटी येनपर्यंत चढला. अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला तेव्हा भाव कोसळले. बाजारात काही मिळेना म्हणून सभासद ठेव परत मागू लागले. पण तो पैसा केव्हाच जमिनीत आणि क्लब हाऊसच्या संगमरवरात गेला होता. शेकडो मैदाने दिवाळखोरीत निघाली. गोल्डमन सॅक्स आणि लोन स्टार यांसारख्या अमेरिकी गुंतवणूकदारांनी त्यांतील कित्येक स्वस्तात घेतली. अनेक सभासदांच्या पदरी खेळण्याचा हक्क आणि ठेवीचा अल्पसा भाग एवढेच पडले. यातही खेळाची खरी आवड असलेला सभासद सावरला, कारण त्याला मैदान मिळत राहिले. भाववाढीसाठी सभासदत्व घेणारा मात्र बुडाला.

भारतात बहुसंख्य सभासदत्वे हस्तांतरणीय नसल्याने असा सट्टा झाला नाही. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की येथे बाहेर पडण्याची दारेही थोडी. तेव्हा ठेव किती दिवसांत परत मिळेल, नवा सभासद येईपर्यंत थांबावे लागेल का, बदली परगावी वा परदेशी झाल्यास सभासदत्व गोठवता येईल का, हे लेखी असावे.

एका फेरीची किंमत

सभासदत्व परवडते की नाही, हे एकूण रकमेवरून ठरवू नये. एका फेरीला काय पडते, ते काढावे. उदाहरणादाखल प्रवेशशुल्क दहा लाख रुपये, ते परत मिळणारे नाही आणि सभासदत्व वीस वर्षे वापरायचे आहे, असे समजू. हीच रक्कम सात टक्के व्याजाने गुंतवून वीस वर्षांत समान हप्त्यांनी काढून घेतली असती, तर वर्षाला सुमारे ९४ हजार रुपये हाती आले असते. वार्षिक वर्गणी ६६ हजार धरली, तर वर्षाचा खर्च १ लाख ६० हजार. वर्षात ८० फेऱ्या खेळणाऱ्याला एक फेरी दोन हजारांना पडते, २० फेऱ्या खेळणाऱ्याला आठ हजारांना आणि दहाच फेऱ्या खेळणाऱ्याला १६ हजारांना. जवळच्या सार्वजनिक मैदानाचे शुल्क या आकड्याशेजारी मांडले की निर्णय आपोआप स्पष्ट होतो.

या हिशेबात कॅडीचा मेहनताना, पाहुण्यांचे शुल्क, उपाहारगृहातील किमान खर्चाची सक्ती आणि मैदान सुधारणेसाठी मधूनच लावली जाणारी वर्गणी धरायला हवी. कराचाही विचार हवा. सभासद आणि त्यांचा क्लब वेगळे नाहीत, हे तत्त्व विक्रीकर व सेवाकराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने कलकत्ता क्लबच्या प्रकरणात ३ ऑक्टोबर २०१९ रोजी उचलून धरले. त्यानंतर २०२१ मध्ये वस्तू व सेवा कर कायद्यात दुरुस्ती करून क्लब आणि सभासद यांना भिन्न व्यक्ती ठरवण्यात आले आणि ही तरतूद १ जुलै २०१७ पासून लागू करण्यात आली. तिच्या वैधतेवरून न्यायालयीन वाद झाले आहेत. इच्छुकाने जाहिरातीतील रक्कम करासह आहे की कराव्यतिरिक्त, एवढे तरी विचारून घ्यावे.

घरच्यांचा हक्क

क्लबच्या नियमावलीतील सर्वांत दुर्लक्षित पान कुटुंबाविषयीचे असते. मुले किती वयापर्यंत सभासदाच्या नावावर येऊ शकतात, त्यानंतर त्यांना स्वतंत्र सभासदत्व सवलतीत मिळते का, सभासदाच्या निधनानंतर पत्नीचा वा पतीचा हक्क कायम राहतो का, या तरतुदी क्लबागणिक बदलतात. स्त्रियांना पूर्ण सभासदत्व आणि मताचा अधिकार आहे का, हेही पाहावे. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सभासद करून घेण्याचा निर्णय २०१४ मध्ये घेतला, यावरून जुन्या क्लबांत बदल किती सावकाश होतो, याची कल्पना यावी. कंपनीच्या नावे सभासदत्व असेल, तर नोकरी सुटताच हक्कही बहुधा सुटतो.

स्पर्धा खेळू इच्छिणाऱ्याने क्लब इंडियन गोल्फ युनियनशी संलग्न आहे का, हे तपासावे; अधिकृत हँडिकॅप त्याशिवाय मिळणे कठीण. अन्य शहरांतील व परदेशांतील क्लबांशी असलेली संलग्नता सतत प्रवास करणाऱ्यांना खरोखर उपयोगी पडते. एरवी ती लांबलचक यादी माहितीपत्रकातच राहते.

सहीपूर्वी

नियमावली, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, जमिनीच्या कागदांची प्रत आणि वर्गवारीनुसार सभासदसंख्या, हे चार कागद मागावेत. चांगला क्लब ते देतो किंवा निदान दाखवतो. त्यानंतर पाहुणा म्हणून दोन-तीन रविवारी तेथे खेळावे. एखाद्या सभासदाशी क्लब हाऊसमध्ये नव्हे, तर बाराव्या-तेराव्या होलच्या वाटेवर बोलावे. तेथे माणूस दमलेला असतो आणि खरे बोलतो.

नामांकित क्लबांची प्रतीक्षायादी काही ठिकाणी दशकांत मोजावी लागते. तेथे नाव नोंदवून ठेवण्यात गैर काही नाही. परंतु गुडघे धड आहेत तोवर खेळायचे असेल, तर घरापासून पाऊण तासावरचे, जमिनीचे कागद चोख असलेले आणि रविवारी सकाळी जागा देणारे साधे मैदानच अधिक मोलाचे ठरते.