आपल्या घराचा नकाशा कोणी काढायचा?



सिंदखेडराजाचा राजवाडा म्हणजे जिजाऊंचं माहेर. त्याचा इतिहास पुस्तकात आहे. आपल्या आजीच्या धाब्याच्या घराचा इतिहास मात्र कुठेच नाही. माती तुडवली तिनं, भिंती सारवल्या तिनं. पण चूल कुठे आणि खिडकी कुठे, हे ठरवताना तिला कोणी विचारलं का?

दुसऱ्याच्या घराचा नकाशा चुकला तर त्रास राहणाऱ्याला होतो. स्वतःच्या घरात मात्र चूक रोज डोळ्यांसमोर राहते. म्हणून घरं आखणाऱ्यांनी स्वतःसाठी काय बांधलं, ते पाहण्यासारखं आहे.

बाळकृष्ण दोशी १९२७ साली पुण्यात जन्मले. २०१८ साली त्यांना प्रित्झकर हा वास्तुकलेतला जगातला सर्वांत मोठा मान मिळाला. १९६३ साली त्यांनी अहमदाबादेत स्वतःचं घर बांधलं. भर होता उजेडावर आणि ऊन कमी तापावं यावर. घराला नाव दिलं पत्नीचं, कमला.

दिदी काँट्रॅक्टर आपल्याला आणखी जवळच्या. १९२९ साली अमेरिकेत जन्मल्या, लग्नानंतर नाशिकला एकत्र कुटुंबात सून म्हणून आल्या. पुढे मुंबईत राहिल्या, मग हिमाचलात कांगड्याला गेल्या. वास्तुकलेची पदवी त्यांच्याकडे नव्हती. तिथे त्यांनी माती, बांबू आणि नदीच्या दगडांचं स्वतःचं घर उभं केलं. उतारवयात इतरांची घरं बांधली, गावातला दवाखानाही बांधला. २०१९ साली त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला. २०२१ साली, वयाच्या ९१ व्या वर्षी त्या गेल्या.

आपण ज्याला जुनं, गरिबाचं म्हणून पाडतो, त्याच मातीला त्यांनी मान मिळवून दिला.

आता आपलं बघू. प्रधानमंत्री आवासचं घरकुल निदान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. स्वयंपाकाची जागा त्यातच धरलेली. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर. आणि ठेकेदार लावायचा नसतो, बांधायचं आपणच. मग नकाशाही आपलाच हवा ना?

गवंडी दोरी लावण्याआधी अंगणात राखेनं घर आखा. आत उभ्या राहून बघा: चुलीचा धूर कुठून जाईल? दुपारचं ऊन कोणत्या भिंतीवर येईल? मोरीचं पाणी कुठे जाईल? सासूबाईंना रात्री उठून जाणं जमेल का?

हे गटाच्या पुढच्या बैठकीत बोला. कागदावर नाव लागलंच आहे, भिंतीत आपलं मतही असू द्या.