अंदाज आणि हिशेब

संगणकाचा इतिहास बहुतेक वेळा शर्यतीसारखा सांगतात. आधी अ‍ॅनालॉग यंत्रं आली, मग डिजिटल आली, डिजिटल जिंकली. संपलं! मला ही गोष्ट कधीच पटली नाही. का, ते सांगते.

शाळेत आपण दोन अज्ञातांची एकसामयिक समीकरणं सोडवली आहेत. अज्ञात दुप्पट झाले की हे काम साधारण आठपट वाढतं. 1878 मध्ये विल्यम थॉमसन यांनी (हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले) त्यावर दोऱ्या-कप्प्यांचं एक यंत्र सुचवलं. समीकरणांतले सहगुणक यंत्रात बसवायचे, दोऱ्या ओढायच्या आणि यंत्राचे भाग किती कलले ते मोजायचं. तेच उत्तर.

पण दोरी मोजून अचूकता कितीशी मिळणार? थॉमसन यांचा तोडगा मला फार आवडतो. कच्चं उत्तर मूळ समीकरणांत घाला आणि किती फरक उरतो ते नीट हिशेब करून काढा. तो फरक त्याच यंत्राला नवा प्रश्न म्हणून द्या. येईल ते पहिल्या उत्तरात मिळवा. पुन्हा तेच. हवी तेवढी अचूकता मिळते.

म्हणजे बघा, अंदाज यंत्राचा आणि हिशेब माणसाचा. 100 अज्ञात असतील तर फरक काढायला 10,000 गुणाकार लागतात. सगळं हाताने सोडवायचं तर तीन लाखांच्या वर. (अट एकच: अंदाज निदान बऱ्या दिशेचा हवा. समीकरणं एकमेकांसारखी असली तर गाडी भरकटते.)

1936 मध्ये एमआयटीत जॉन विल्बर यांनी स्टीलच्या फिती आणि कप्प्या वापरून 9 समीकरणांचं यंत्र खरोखर उभं केलं. आणि 1953 मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत समरेंद्र कुमार मित्रा यांनी 10 अज्ञातांसाठी विजेवर चालणारं अ‍ॅनालॉग यंत्र बनवलं. आपण मुंबईकर टिफ्रॅकचं कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण त्याआधीच्या या यंत्राचं नाव किती जणांनी ऐकलंय?

आता 2018. आयबीएमच्या झुरिकच्या प्रयोगशाळेने 5,000 समीकरणं सोडवली. मेमरीच्या जाळीत प्रत्येक सांध्यावर एक आकडा विद्युतवाहकता म्हणून साठवायचा. आडव्या तारांना व्होल्टेज दिलं की ओहमच्या नियमाने गुणाकार होतो, उभ्या तारेत प्रवाह एकत्र येताना बेरीज होते. आकडे मेमरीतून बाहेर काढून पुन्हा आत नेण्याचा खटाटोप वाचतो. उत्तर अर्थातच ओबडधोबड. शेजारचा डिजिटल संगणक उरलेला फरक काढतो आणि पुन्हा जाळीकडे पाठवतो. डाव 1878 चाच, फक्त पेन्सिलवाल्या माणसाची जागा प्रोसेसरने घेतली.

म्हणून म्हणते, ही शर्यत नव्हतीच, जोडी होती. शर्यत समजलो की हरलेल्याच्या नोंदी कुणी ठेवत नाही, आणि मग तीच कल्पना नवी म्हणून समोर येते. कोलकात्याचं ते यंत्र जवळून पाहिलेली माणसं आता फार थोडी उरली असतील. तुमच्या घरात, ओळखीत कुणी त्या काळी अशा यंत्रांवर काम केलं असेल, तर त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. मलाही कळवा.